परीक्षेच्या काळात रोजची प्रार्थना कशी टिकवावी

संकट आले की माणूस प्रार्थनेकडे धावतो, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात मात्र अनेक ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना याच्या उलट अनुभव येतो. आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू, नोकरी जाणे, घरातला दुरावा किंवा पुन्हा पुन्हा छळणारा एखादा मोह, यांपैकी काहीही सुरू झाले की सर्वांत आधी मोडते ती नित्याची प्रार्थना. गुडघे टेकले तरी शब्द सुचत नाहीत, सुचले तर ते पोकळ वाटतात, आणि वर ‘माझाच विश्वास कमी पडतो आहे’ ही बोचणी लागते. अशा अवस्थेत असलेल्या माणसासाठी मी हे लिहीत आहे. पुढे सांगितलेला क्रम मी अनेक वर्षे पाळत आले आहे, आणि त्यामागचे मत आरंभीच सांगते : परीक्षेच्या, म्हणजे अशा कसोटीच्या किंवा मोहाच्या, काळात प्रार्थना वाढवायची नसते, ती टिकवायची असते. लहान, ठरलेल्या वेळेची, प्रामाणिक आणि बहुतांशी उसन्या शब्दांची प्रार्थना रोज होत राहिली, तर परिस्थिती बदलण्याच्या आधीच उभे राहण्याचे बळ मिळू लागते.

‘आधीच’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना नावाची स्त्री मूल नसल्याच्या दुःखाने परमेश्वरापुढे आपले हृदय ओतते. तिचे ओठ हलत असतात, पण आवाज ऐकू येत नाही, म्हणून एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटते. प्रार्थना झाल्यावर ती जाते, अन्न खाते आणि तिचा चेहरा उदास राहत नाही. तिच्या मुलाचा, शमुवेलाचा, जन्म तेव्हा अजून दूर होता. बदलले होते ते एवढेच की तिचे ओझे आता तिच्या एकटीच्या खांद्यावर नव्हते.

परीक्षेला नाव द्या

पहिली पायरी कागदावर करण्याची आहे. नव्या करारात ज्या ग्रीक शब्दासाठी आपण ‘परीक्षा’ म्हणतो तो ‘पेइरास्मोस’ हा शब्द दोन अर्थांनी येतो : बाहेरून येणारी कसोटी आणि आतून ओढणारा मोह. याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आढळतात. नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड देताना धीर धरण्याविषयी तो आधी बोलतो, आणि मग देव कोणाला मोहात पाडत नाही, प्रत्येक जण आपल्याच वासनेने ओढला जातो, असे स्पष्ट सांगतो. हा फरक नीट न ओळखल्याने पुष्कळ गोंधळ होतो. आजारी माणूस स्वतःला दोषी मानून क्षमा मागत राहतो, आणि मोहाशी झगडणारा माणूस जणू बाहेरून संकट कोसळले आहे अशा थाटात केवळ सुटका मागत राहतो.

म्हणून वहीत एक वाक्य लिहा, शक्य तितके नेमके. ‘मी संकटात आहे’ हे वाक्य पुरेसे नाही. ‘तपासणीचा अहवाल येईपर्यंत मला झोप लागत नाही’, ‘भावाशी बोलणे बंद आहे आणि मला त्याचा राग सोडायचा नाही’, ‘रात्री एकटा असलो की मी त्याच गोष्टीकडे वळतो’ अशी वाक्ये प्रार्थनेच्या कामाची असतात. तुमची परीक्षा कसोटी आहे, मोह आहे की दोहोंची गुंतागुंत, हे त्या वाक्यावरून बहुतेक वेळा लगेच कळते.

वेळ आणि जागा

दानीएलाच्या सहाव्या अध्यायात राजाज्ञा निघते की तीस दिवस राजाखेरीज कोणाकडेही विनंती करायची नाही. ती आज्ञा निघाल्याचे समजल्यावर दानीएल घरी जातो, यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत दिवसातून तीन वेळा गुडघे टेकतो, प्रार्थना करतो आणि आभार मानतो, आणि हे तो पूर्वीप्रमाणेच करतो. ‘पूर्वीप्रमाणेच’ यातच सारे आले. आज्ञा मोडल्याबद्दल त्याला सिंहांच्या गुहेत टाकले तेव्हा तो जो विश्वास घेऊन गेला, तो त्याने वरच्या खोलीत रोज, काहीही विशेष घडत नसताना जोपासलेला होता.

ज्याला ही सवय आधीपासून नाही, त्याने निराश होण्याचे कारण नाही. मात्र सुरुवात लहानच करावी. सकाळची पंधरा मिनिटे आणि रात्रीची पाच, एवढे पुरे. जागा एकच ठेवा, बसण्याची खुर्ची किंवा चटईही तीच असू द्या, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जागेचीही सवय होते. तेथे बसले की अर्धे लक्ष आपोआप गोळा होते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी 1535 मध्ये आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेविषयी एक छोटे मार्गदर्शन लिहिले. सकाळी पहिले काम आणि रात्री शेवटचे काम म्हणून प्रार्थना करावी, आणि ‘तासाभराने करू, आधी हे एवढे उरकू’ या विचारापासून सावध राहावे, असे ते त्यात बजावतात. जवळजवळ पाचशे वर्षांनंतरही प्रार्थना बुडते ती याच एका विचारामुळे, असे माझे निरीक्षण आहे.

सकाळची पंधरा मिनिटे

पहिली दोन मिनिटे गप्प बसा. काही मागू नका. फक्त आपण देवासमोर आहोत एवढे मनाशी म्हणा. विचार इकडेतिकडे धावले तर त्यांच्याशी झगडू नका, हळूच परत या.

त्यानंतर पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र वाचा, शक्यतो मोठ्याने. 150 स्तोत्रे आहेत आणि क्रमाने रोज एक वाचले तर पाच महिन्यांत सर्व वाचून होतात. आपल्याला आवडणारी दोन-चार स्तोत्रेच घोळवण्यापेक्षा क्रमाने वाचावे, असे मला वाटते, कारण आपल्या मनःस्थितीशी न जुळणारे शब्दही आपल्याला घडवतात. आनंदाचे स्तोत्र दुःखाच्या दिवशी आले तर ते ज्याला आज आनंद झाला आहे अशा दुसऱ्या कोणासाठी म्हणा. नाझी राजवटीला विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांना एप्रिल 1943 मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगात टाकण्यात आले, तेव्हा आपण कित्येक वर्षांप्रमाणे येथेही रोज स्तोत्रे वाचतो, असे त्यांनी घरी कळवले होते. तुरुंगात त्यांना नवे काही शोधावे लागले नाही.

मग येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना घ्या, पण सावकाश. लहानपणापासून पाठ असल्यामुळे ती ओठांवरून घसरून जाते. तिचा वेग कमी करणे हाच उपाय आहे. एका विनंतीनंतर थांबा आणि आपल्या वहीतले वाक्य तिच्याशी जोडा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ येथे ‘आज’ या शब्दावर थांबा : पुढच्या महिन्याचा हप्ता, पुढच्या वर्षाचे उपचार हे सारे बाजूला ठेवून आजच्या दिवसापुरते मागा. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ येथे भावाचे नाव घ्या. एखाद्या विनंतीपाशी मन रमले तर बाकीच्या विनंत्या त्या दिवशी राहिल्या तरी चालतील; ल्यूथर यांनीही त्या न्हाव्याला हेच सांगितले होते.

या प्रार्थनेला परीक्षेच्या काळात इतके महत्त्व का, याचे उत्तर येशूला अटक झाली त्या रात्री, गेथशेमाने बागेत सापडते. मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात येशू शिष्यांना म्हणतो, ‘तुम्ही परीक्षेत पडू नये म्हणून जागृत राहा व प्रार्थना करा’, आणि स्वतः दुसऱ्यांदा जाऊन पित्याला म्हणतो, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’. मूळ ग्रीकमध्ये हे शब्द सहाव्या अध्यायातल्या प्रभूच्या प्रार्थनेतल्या शब्दांशी तंतोतंत जुळतात. म्हणजे शिष्यांना शिकवलेली प्रार्थना प्रभूने सर्वांत कठीण रात्री स्वतः केली. तिसऱ्यांदाही त्याने तेच शब्द पुन्हा उच्चारले, असे मत्तय नमूद करतो. तेव्हा रोज तेच ते शब्द म्हणावे लागतात म्हणून कोणी खजील होऊ नये.

शेवटच्या दोन मिनिटांत दिवसभर सोबत नेण्यासाठी स्तोत्रातली एक ओळ निवडून वहीत लिहा. अरण्यात सैतानाने परीक्षा घेतली तेव्हा येशूने दिलेली तिन्ही उत्तरे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली होती. भुकेल्या, थकलेल्या अवस्थेत त्याने पाठ असलेले वचन वापरले. आपल्यालाही अशा वेळी विचार करून काही सुचेल, या भरवशावर राहू नये.

गाऱ्हाणे मांडायला शिका

पुष्कळ सज्जन माणसे येथेच अडखळतात, म्हणून याविषयी थोडे अधिक लिहिते. देवाकडे तक्रार करणे हा अविश्वास आहे, अशी समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे. पवित्र शास्त्र मात्र वेगळे सांगते. स्तोत्रसंहितेतला फार मोठा भाग विलापाचा आहे, आणि तो देवाच्या लोकांनी उपासनेत म्हणण्यासाठी जपून ठेवला आहे. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोनच वचनांत चार वेळा ‘कोठवर’ हा प्रश्न येतो : ‘हे परमेश्वरा, तू कोठवर मला विसरत राहणार?’ येशूने वधस्तंभावर उच्चारलेले ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य आहे. देवाविषयी इतरांकडे कुरकुर करणे वेगळे आणि देवासमोर उभे राहून त्यालाच प्रश्न विचारणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीत नाते तुटलेले नसते.

तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे आणि त्याचे तीन भाग पडतात. आधी प्रश्न येतात, मग ‘माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे’ ही मागणी येते, आणि शेवटी देवाच्या दयेवर भरवसा ठेवल्याचे वचन येते. याच घडणीवर आपले गाऱ्हाणे लिहा. पहिल्या भागात जे खरे वाटते ते लिहा, सभ्य दिसेल ते नव्हे. दुसऱ्या भागात एकच स्पष्ट मागणी करा. तिसऱ्या भागात देवाने पूर्वी केलेला एखादा उपकार आठवून एक वाक्य लिहा. तो भाव या क्षणी मनात नसला तरी चालेल, कारण भरवसा हा भावनेआधी घेतलेला निर्णय असतो. आणि एखाद्या दिवशी तिसरा भाग लिहवलाच नाही, तर लिहू नका. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते शास्त्रात आहे.

वडिलांच्या अखेरच्या आजारपणात मी सात महिने रात्री त्यांच्या खोलीत झोपत असे. पहाटे चारला त्यांना औषध द्यायचे असायचे. चमचा पुसून पुन्हा पेल्यात ठेवला की मी खाटेच्या पायथ्याशी बसे आणि लहान दिव्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर पडू नये म्हणून वही आडवी धरून तेरावे स्तोत्र वाचत असे. कित्येक पहाटे मी ‘कोठवर’च्या पुढे गेले नाही. वहीच्या त्या पानांवर तारीख आणि तो एकच शब्द आहे. माझी प्रार्थना तेवढीच होती, आणि त्या शब्दावर मी पुढचा दिवस काढत असे. तेव्हा मला रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा अर्थ नीट कळला : कशी प्रार्थना करावी हे आपल्याला ठाऊक नसते तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

दिवसाच्या मध्यावर

सकाळचे बळ दुपारपर्यंत ओसरते, हे गृहीत धरा. नहेम्याच्या पुस्तकातल्या दुसऱ्या अध्यायात पर्शियाचा राजा आपल्या सेवेतल्या नहेम्याला विचारतो, ‘तुझी मागणी काय आहे?’ त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधल्या क्षणात नहेम्या स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो. एवढीशी प्रार्थनासुद्धा प्रार्थनाच असते. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत अनेक शतके ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ हे वाक्य श्वासाच्या लयीत म्हटले जाते : पहिला अर्धा भाग श्वास घेताना, उरलेला सोडताना. ते किंवा सकाळी निवडलेली ओळ एखाद्या नित्याच्या कामाला बांधून टाका, म्हणजे दार उघडताना, हात धुताना, फोन उचलण्यापूर्वी ती आठवेल.

मोहाची परीक्षा असेल तर

येथे एक वेगळी शिस्त लागते. मोह बहुधा ठरावीक वेळी, ठरावीक जागी आणि ठरावीक मनःस्थितीत येतो, म्हणून प्रार्थना त्या वेळेच्या आधी करावी. ओढ शिगेला पोहोचल्यावर केलेली प्रार्थना बहुतेकदा उशिराची ठरते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की देव परीक्षेबरोबर ती निभावण्याचा उपायही करील. तो उपाय पुष्कळदा अगदी साधा असतो : खोलीबाहेर पडणे, दिवा लावणे, कोणाला फोन करणे. तो मागा आणि मिळाल्यावर वापरा. पाऊल घसरले तर कबुली त्याच दिवशी द्या, दुसऱ्या दिवसाच्या सकाळची वाट पाहू नका, कारण मधल्या रात्रीत लाज वाढते आणि लाजेमुळे प्रार्थना सुटते. याकोब एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगतो. ज्याचे तोंड बंद राहील अशी एक विश्वासू व्यक्ती, पाळक किंवा अनुभवी विश्वासणारा, यासाठी निवडावी.

रात्र

रात्रीच्या पाच मिनिटांत तीन गोष्टी करा. दिवस आठवा, सकाळपासून क्रमाने. कोठे मदत मिळाली तेथे आभार माना, कोठे चुकले तेथे क्षमा मागा. आणि जे तुमच्या हातात नाही ते नाव घेऊन देवाच्या हाती द्या. एकतिसाव्या स्तोत्रातले ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’ हे वचन येशूने वधस्तंभावर उच्चारले. झोपण्यापूर्वी म्हणण्यासाठी याहून नेमके शब्द मला माहीत नाहीत. झोप लागत नसेल तर प्रार्थनेला झोपेच्या औषधासारखे वापरू नका. त्याऐवजी अंथरुणात पडूनच, घरातल्या माणसांपासून सुरुवात करून, एकेकाचे नाव देवासमोर घ्या.

शरीराकडे दुर्लक्ष करू नका, हेही येथेच सांगायला हवे. राजांच्या पहिल्या पुस्तकातल्या एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलीया मरण मागत झाडाखाली झोपतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. दोनदा उठवून भाकर आणि पाणी देतो, मध्ये पुन्हा झोपू देतो, आणि मग चाळीस दिवसांचा होरेब डोंगरापर्यंतचा प्रवास होतो. म्हणून कित्येक आठवडे झोप आणि भूक नाहीशी झाली असेल, जगण्याची इच्छा उरली नसेल किंवा जीव संपवण्याचे विचार येत असतील, तर आजच डॉक्टरांकडे जा आणि जवळच्या माणसाला सांगा. तसेच घरात कोणी मारहाण करत असेल, तर सहनशीलतेसाठी प्रार्थना करत तेथेच राहणे ही देवाची अपेक्षा नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जा, प्रार्थना तेथे करता येईल.

प्रार्थना कोरडी पडते तेव्हा

काही आठवड्यांनी असा टप्पा येतो की काहीच जाणवत नाही. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा अशा वेळचा सल्ला आजही उपयोगी आहे : उदासीच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. कोरडेपणात ठरलेल्या वेळेपेक्षा किंचित जास्त बसावे, असेही ते सुचवतात. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याने तसे करावे, पण थकलेल्या माणसाला मी फक्त ठरलेली वेळ पाळायला सांगते. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, नेहमीचीच प्रार्थना करा. एखाद्या दिवशी पंधरा मिनिटे जमली नाहीत तर प्रभूची प्रार्थना एकदा म्हणा आणि तो दिवस पाळला असे माना.

वही याच काळात उपयोगी पडते. मागणी एका बाजूला आणि पुढे जे घडले ते समोरच्या बाजूला, असे लिहीत गेल्यास महिन्याभराने जे वाचायला मिळते ते अनेकदा आपल्या आठवणीहून वेगळे असते. काही ठिकाणी समोरची बाजू कोरीच राहील. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर आले. माझ्या वडिलांच्या बरे होण्याची मागणी ज्या पानावर आहे, तेथे समोर काहीही लिहिलेले नाही. मी ते पान फाडलेले नाही, आणि ते जबरदस्तीने भरण्याचाही प्रयत्न केलेला नाही.

सोबत

गेथशेमानेत प्रभूने पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ नेले आणि ‘माझ्याबरोबर जागे राहा’ असे सांगितले. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. पण सोबत मागण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आठवड्यातून एकदा एका माणसाबरोबर दहा मिनिटे प्रार्थना करण्याचे ठरवा. त्याला आधीच सांगून ठेवा की सल्ला नको, फक्त तुमच्या वहीतले वाक्य त्याने मोठ्याने देवासमोर मांडावे. आपल्या दुःखाचे नाव दुसऱ्याच्या तोंडून प्रार्थनेत ऐकू येते, तेव्हा ते पेलण्याजोगे वाटू लागते. मंडळीच्या उपासनेला जाणेही सोडू नका. गाण्याची शक्ती नसेल त्या दिवशी इतरांच्या आवाजात नुसते उभे राहा.

उद्यापासून सुरुवात करायची असेल तर आज रात्रीच खुर्ची ठरलेल्या जागी ठेवा, तिच्याजवळ वही आणि पेन ठेवा, पवित्र शास्त्रात तेराव्या स्तोत्रावर खूण घाला, आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून झोपा.